दोनदा बसवलेला रेडिएटर

दोन हजार एकोणीसचा डिसेंबर, ऐन हिवाळा. ओमानमध्ये थंडी कसली, असं म्हणणाऱ्यांनी जबल अख्दरच्या डोंगरावर एक रात्र काढावी. तिथे आमच्या अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या घरात बॉयलर होता, पण त्याच्या आईच्या खोलीत गरम पाण्याने खोली तापवणारा रेडिएटर नव्हता. तो मी बसवला, खिडकीखाली, लेव्हल लावून. एकदा बसवलेला पाइप मी जन्मात पुन्हा कापला नव्हता.

म्हातारीने पाहिलं आणि विचारलं, "आता पाहुणे पाठ कुठे टेकणार? तुझ्या छातीवर?"

तिथे सगळे जमिनीवर भिंतीला टेकून बसतात. मी खुर्च्यांच्या हिशेबाने बसवून मोकळा झालो होतो.

जोडीदार सावंत हसला. "नाना, तक्के हलवा म्हणावं. पाइप कशाला कापता?"

"गप. लाइनमधलं पाणी काढ."

दिवसभर खपून रेडिएटर दारामागच्या भिंतीवर नेला. हवा काढली, तापला.

अर्बाब म्हणाला, "काम दोनदा झालं. दुप्पट पैसे घे."

मी म्हटलं, "तिशीत पहिल्यांदा इथे आलो तेव्हा कुडकुडत होतो. तुमच्या आईने अंगावरचं ब्लँकेट काढून मला दिलं होतं. हिशेब खलास."

पाने उचलले आणि गाडीत बसलो.