हजेरी पूर्ण

(शाळा सुटली आहे. बालसंरक्षण विभागाच्या ताई ऑफिसात कागद आवरताहेत. शाळेच्या शिपाई मावशी झाडू घेऊन दारात.)

मावशी : म्हणजे तिचं नाव नाहीच यादीत.

ताई : नाही हो. सातवीतली तीन मुलं आहेत, त्यात ती नाही.

मावशी : परत बघा की.

ताई : दोनदा बघितलं. महिनाभर गैरहजर, अंगावर वळ, पोलिसांत नोंद, असं काही असलं की नाव यादीत येतं. हिची हजेरी पूर्ण. वर्गशिक्षिकेनं तर लिहिलंय, नखंसुद्धा वेळेवर कापलेली असतात.

मावशी : असणारच. मी कापते.

ताई : तुम्ही?

मावशी : फाटक सातला उघडतं. ही सहालाच पायरीवर. सुट्टी असली तरी. म्हणून मीही सहाला यायला लागले.

ताई : अभ्यासाची आवड असेल.

मावशी : दमलात तुम्ही, म्हणून असं म्हणताय.

ताई : दमलेय खरी. एकशे चाळीस मुलं आणि मी एकटी. बरं, सांगा.

मावशी : आई पाचला कामावर जाते. सावत्र बाप रात्रपाळी करून सहाला घरी येतो. त्याची सायकल गल्लीत शिरायच्या आत ही बाहेर पडते. संध्याकाळी आई आल्याशिवाय घरात पाऊल टाकत नाही.

ताई : स्वतः काही बोलली?

मावशी : एकदाच. म्हणाली, तो एकटा असताना मला घरी पाठवू नका. आणि हे कुणाला सांगू नका.

ताई : आणि तुम्ही सांगताय.

मावशी : सांगतेय. आता माझ्याशी बोलायची नाही ती, तेही ठाऊक आहे.

ताई : तोंडी सांगितलेलं वरती टिकत नाही, मावशी. लेखी असलं तर आजच नाव चढवते. तुम्ही सांगा, मी लिहिते. खाली अंगठा द्या.

मावशी : अंगठा कशाला? पेन द्या इकडं.

ताई : घ्या. सावकाश लिहा, मी थांबते.

मावशी : थांबावंच लागेल. मला वेळ लागतो.

ताई : ...अक्षर किती वळणदार आहे हो. कधी शिकलात?

मावशी : याच वर्षी. सहा ते सात, पायरीवर. चुकलं की रागावते.

ताई : उद्या सहाला मी येते.

मावशी : या. पण आधी माझा धडा होऊ द्या.