तीन वाट्या रातकिडे

ताई : डोळे मिटून काय वाढतोयस? सांडतायत बघ.

धाकटा : उघडे ठेवून वाढले तर ते माझ्याकडे बघतात.

ताई : भाजलेत ते. भाजलेला रातकिडा कुणाकडे बघत नाही.

धाकटा : ताई, मी शिंपी माणूस. मला कात्री दे, टेप दे, वाकड्या बाहीची कटकट दे. रविवारच्या दुपारी किडे वाढायचं काम माझ्या नशिबी कुठून आलं?

ताई : चमच्याने घे. हाताचा वास लागतो मालाला. दोन वाट्यांत एकाच पाकिटातले, तिसरीत दुसऱ्या पाकिटातले. एकात मीठ कमी आहे, एकात जास्त. कुठली वाटी वेगळी ते सांगायचं नाही. आणि चेहऱ्यावर दाखवायचं नाही.

धाकटा : माझ्या चेहऱ्यावर काय दिसतं?

ताई : सगळं दिसतं. लहानपणी साखरेच्या डब्यावर धाड मी घालायची आणि पकडला तू जायचास.

धाकटा : आणि मारही मीच खायचो. घे, मांडल्या तुझ्या वाट्या. उद्या तुमच्या त्या किडे-मगरी विकणाऱ्या कंपनीच्या परीक्षेत असंच असतं का?

ताई : असंच. तुझ्या जागी मॅडम असतात, आणि त्या तोंड वाकडं करत नाहीत. चव घेणाऱ्या आम्हा सगळ्यांची जीभ मधूनमधून तपासतात. जिला वेगळी वाटी ओळखता येत नाही, तिची रवानगी पॅकिंगला.

धाकटा : मग जायचं पॅकिंगला. एवढं काय त्यात?

ताई : मला दुसरं काही येत नाही रे. तुला शिवता येतं, मला चव कळते. एवढंच होतं माझ्याकडे. तेही गेलं तर मी कोण, ते मला ठाऊक नाही. हे बोलतेय खरी, पण बोलताना काही वाटत नाहीये. वाटायला हवं ना?

धाकटा : आधी खाऊन बघ.

ताई : ही पहिली. पाणी दे. ही दुसरी. ही तिसरी. मधली वेगळी आहे.

धाकटा : नाही.

ताई : मग तिसरी.

धाकटा : ताई...

ताई : म्हणजे पहिली. अंदाजाने तर शेंबडं पोरही सांगेल. मला पुठ्ठा चघळल्यासारखं वाटतंय. पुठ्ठ्यासारखंही नाही, पुठ्ठ्याला चव असते.

धाकटा : कधीपासून असं?

ताई : हे गेले त्या आठवड्यात. कुणीतरी चहा करून दिला. साखर नाही म्हणून मी घातली. तरी लागेना म्हणून परत घातली. शेजारीण म्हणाली, अहो, पाक करताय का?

धाकटा : डॉक्टर काय म्हणाले?

ताई : नाकात बघितलं, घशात बघितलं. सगळं जिथल्या तिथे आहे म्हणाले. वेळ जाऊ द्या म्हणाले.

धाकटा : आणि इतके दिवस कंपनीत निभावलंस कसं?

ताई : पाठ आहे मला सगळं. मगर म्हणजे कोंबडी आणि मासा यांच्या मधलं. रेशमाच्या अळीला उकडलेल्या दाण्यांची चव, मागून जरा मातकट. शहामृग खायला दमदार, पण चवीला गरीब. आधी दुसऱ्यांना बोलू द्यायचं, मग त्यांचंच आपल्या शब्दांत फिरवून सांगायचं. परवा ससा होता. ससा पाठ नव्हता माझा. मग खोकला काढला.

धाकटा : भाऊजींनाही असंच पाठ केलेलं सांगायचीस?

ताई : नाही. ह्यांना खरं सांगायची. औषधांनी ह्यांची चव गेली होती ना. काहीही खाल्लं तरी राख म्हणायचे. मग मी कंपनीतून उरलेला माल पिशवीत घालून आणायची, पलंगाशेजारी बसून खायची आणि सांगायची. अळ्या, नाकतोडे, मगर, काय असेल ते. हे डोळे मिटून ऐकायचे. शहामृगाच्या दिवशी तर म्हणाले, अजून वाढ.

धाकटा : मी आलो होतो एकदा. तू गोगलगाय चावत होतीस. चावायला रबर आणि चवीला नुसता लसूण, असं सांगत होतीस. मग पाण्याचा पेला उचललास तर भाऊजी म्हणाले, पाणी पिऊ नकोस इतक्यात, मला अजून लसूण लागतोय. मी दारातूनच परत फिरलो.

ताई : आत का नाही आलास?

धाकटा : खरं सांगू? जेवताना कुणाच्या घरात शिरू नये असं वाटलं.

ताई : शेवटी नेहमी एकच विचारायचे. गिळल्यावर मागे काय राहतं? आमच्या कामात तेच महत्त्वाचं, हे त्यांना मी शिकवलं होतं.

धाकटा : बरं, अजून एकदा करू. जीभ नाही तर कान लाव. चावल्यावर आवाज तरी येतो ना? आणि कंपनीत म्हणतेस तसं मोठ्याने म्हणत जा. म्हणता म्हणता एखादे वेळी येईल चव.

ताई : चव म्हणजे काय, हाक मारली की येणारं मांजर आहे? बरं. मी चूळ भरून येते, तोवर दुसरा डाव मांड.

धाकटा : जा तू. मी मांडतो.

ताई : झालं का रे मांडून?

धाकटा : ये. बस. चेहरा बघू नकोस माझा, मी भिंतीकडे करतो.

ताई : पहिली. भाजलेलं, शेंगदाण्यासारखं, मागून गोडसर. दुसरी. भाजलेलं, शेंगदाण्यासारखं, मागून गोडसर. तिसरी. तेच. पण थांब. पहिलीतले वाजत नाहीत. या दोन कुरकुरतात, पहिली गप्प आहे. पहिली वेगळी.

धाकटा : बरोबर! ताई, बरोबर! मी म्हटलं नव्हतं? उद्या असंच कर. नुसता कान लाव, मॅडमना काय कळतंय!

ताई : पण वाजत का नाहीत? दोन्ही पाकिटं कालची आहेत.

धाकटा : तू चूळ भरायला गेलीस तेव्हा जास्त मिठाचं पाकीट माझ्या हातून सांडलं. झाडूने गोळा केलं मी. तुला सांगितलं असतं तर रागावली असतीस. मग आतल्या खोलीतून दुसरं आणलं. पलंगाजवळच्या खणात होतं ना एक? मला वाटलं तुझा राखीव साठा.

ताई : त्याला चिमटा होता? कपड्याचा?

धाकटा : हो. निळा.

(ताई पहिली वाटी त्याच्यापुढे सरकवते.)

ताई : वास घे त्याचा.

धाकटा : मी?

ताई : मला येत नाही म्हणून सांगतेय.

धाकटा : शी! खवट आहे. मशीनच्या तेलाचा डबा उघडा राहिला की येतो तसला वास. ताई, थुंक ते. चूळ भर परत.

ताई : गिळून झालं. मी काय म्हणाले ते खाताना?

धाकटा : जाऊ दे ना.

ताई : भाजलेलं, शेंगदाण्यासारखं, मागून गोडसर. खवट माल तोंडात धरून मी हे म्हणाले. उद्या पास झाले असते आणि परवा असाच एखादा माल मी पुढे पाठवला असता. शाळेतून आलेली पोरं खातात हे, दप्तर पाठीवर असतानाच.

धाकटा : पण ओळखलंस ना तू. कानाने का होईना.

ताई : कानाने मऊपणा कळतो. खवटपणा कळत नाही.

धाकटा : मला माहीत नव्हतं गं, ते भाऊजींचं...

ताई : तुला कसं माहीत असणार? त्या शेवटच्या संध्याकाळी ह्याच पाकिटातलं अर्धं सांगून झालं होतं. ह्यांचे डोळे मिटायला लागले. म्हणाले, उरलेलं उद्या सांग. मी चिमटा लावून खणात ठेवलं. पहाटे दवाखान्यात न्यावं लागलं, हे तिथेच गेले.

धाकटा : ताई.

ताई : मला आता रडू यायला हवं ना?

धाकटा : यायलाच हवं असं काही नाही.

ताई : येत नाही. माझा नवरा गेला, हे मी शेजारणीचं काही सांगावं तसं सांगतेय. रिकाम्या डब्यात हात घालावा तसं आहे आत. बोटं बुडाला लागतात फक्त. तू टाकून दे ते पाकीट. उद्या मी मॅडमना सांगून टाकते, मला काही कळत नाही म्हणून. पॅकिंग तर पॅकिंग.

धाकटा : नक्की?

ताई : नक्की. पाकीट चिकटवायला जीभ लागत नाही. बघतोस काय, टाक ना ते. अरे! तू काय तोंडात घातलंस?

धाकटा : एकच.

ताई : खवटातला? वेडा झालास का? तुला तर अंड्यानेसुद्धा ओकारी येते!

धाकटा : येतेय. थांब. बोलायला लावू नकोस. पाय आहे त्याला. दातात अडकलाय.

ताई : थुंक आधी!

धाकटा : नाही. अर्धं राहिलंय म्हणालीस ना? मला तुझे शब्द येत नाहीत, माझ्या शब्दांत सांगतो. आधी ओलं अस्तर चावल्यासारखं लागलं, वातड. मग जरासं खारट. पण मीठ सगळीकडे नाही, कच्च्या शिलाईसारखं, मधेच लागतं, मधेच सुटतं. मग ते तेल आलं. घाणेरडंच आहे, पण त्याच्या खाली काहीतरी भाजलेलं आहे अजून. आणि तू डोळे का मिटलेस?

ताई : असंच ऐकायचं असतं ते. गिळलंस?

धाकटा : गिळलं.

ताई : मागे काय राहतं?

धाकटा : कडू. घशापाशी, जिभेच्या अगदी टोकाला नाही. जात नाहीये गं. तो पेला दे इकडे.

ताई : पाणी पिऊ नकोस इतक्यात.