साहेबांची खाज

...आणि वास म्हणजे कसला, तुम्हाला सांगतो, ओले मोजे बुटात कोंबून आठवडाभर विसरलात तर जो येईल ना, तो बरा! हा कानातून येतो. डाव्या. उजव्याचा वेगळा आहे, पण तो नको, तुम्ही जेवून आला असाल.

आमचा कुत्रा हो. बायकोनं नाव भलतंच गोड ठेवलंय, पण ज्याच्या तैनातीत अख्खं घर राबतं त्याला मी साहेबच म्हणतो. तोंडावर नुसत्या घड्या, घडीघडीत ओल, आणि ती ओल रोज सकाळी कापसानं टिपायची कोणी? मी. हिला म्हणे मळमळतं. मग मला काय अत्तराचा वास येतो? पण विचारतंय कोण... खाज त्याला आणि ताप मला.

बरं, खाजवणं तरी एका जागी असावं? मागच्या पायानं कान, दातांनी पंजे, सोफ्याला पाठ, आणि बूड... बूड गालिच्यावर टेकवून, पुढचे दोन पाय वल्ह्यासारखे मारत, पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत! कोंडा असा झडतो की चहा झाकून ठेवावा लागतो. एकदा राहिला झाकायचा. अर्धा कप प्यायल्यावर कळलं. शी! जाऊ दे.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "याचं अंगच ॲलर्जीचं आहे. कशाची ते शोधू. तोवर ज्या वस्तूचा संशय येईल ती घराबाहेर काढा." झालं! हिच्या हातात हुकूमनामाच आला की. आणि गंमत बघा, संशयित निघाले ते सगळे माझेच. माझा गालिचा गेला. माझा लोकरीचा स्वेटर गेला. माझी आरामखुर्ची, वीस वर्षं बसून बसून जिला माझ्या पाठीचा आकार आला होता, ती भंगारवाल्याच्या गाडीवर चढली. मी नुसता बघतोय, आणि ही म्हणते, "अहो, त्या बिचाऱ्याचे हाल बघवत नाहीत हो." माझे बघवतात. माझे आरामात बघवतात.

मग उपचार! आठवड्यातून दोनदा औषधी शाम्पू, फेस दहा मिनिटं तसाच ठेवायचा. तुम्ही कधी फेसानं माखलेलं अठरा किलोचं चिडकं धूड न्हाणीघरात दहा मिनिटं मांडीवर धरलंय? तो अंग झटकतो, आणि नेमकं तेव्हा तुमचं तोंड उघडं असतं, कारण तुम्ही "झालं हं राजा, झालं" म्हणत असता! मग ओट्सचं पाणी, मग घड्या कोरड्या करा, मग पोटाला मलम. पोट गुलाबी, पुरळलेलं, चिकट... आणि चाटू नये म्हणून पंधरा मिनिटं कवेत घेऊन बसा. खाज त्याला आणि ताप मला!

तरी चाटायचाच. तेव्हा हिनं शक्कल काढली, माझं बनियन घालायचं त्याला. धुतलेलं घातलं तर ओढून काढायचा. माझ्या अंगातलं गरमागरम उतरवून दिलं की गप्प. ही खूश, "तुमचा वास लागतो हो त्याला." मग काय, रोज संध्याकाळी मी उघडा आणि साहेब बनियनमध्ये! पुढे माझ्या उशीचा अभ्राही त्याच्या अंथरुणात गेला. आणि खाज? दुप्पट! पंजे लालबुंद, पोटावर जखमा, झोपेतही कण्हायला लागला. तेव्हा मात्र, खरं सांगतो, रात्ररात्र त्याचे पंजे हातात धरून बसलो. किळस आली म्हणून माया थोडीच आटते?

शेवटी तपासणी. एका कुशीचे केस भादरले, सुईनं रांगेत बारीक थेंब टोचले, एकेक थेंब एकेका संशयिताचा. जो फुगेल तो गुन्हेगार. धूळ, काही नाही. लोकर, काही नाही. मी म्हटलं, "म्हणजे माझा स्वेटर निर्दोष होता?" "निर्दोष," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तेवढ्यात शेवटचा थेंब फुगला. वाटाण्याएवढा.

"हा कशाचा हो?"

बाईंनी घसा खाकरला. "माणसाच्या कातडीचा कोंडा." मग त्यांनी साहेबांच्या बनियनकडे पाहिलं, मग माझ्या डोक्याकडे, मग माझ्या खांद्यांकडे, आणि खांद्यांवर जरा जास्तच वेळ पाहिलं. "हे बनियन कोणाचं?"

ही सावकाश माझ्याकडे वळली. ती नजर मी ओळखतो हो. खुर्ची जायच्या आदल्या दिवशी तिनं खुर्चीकडे असंच पाहिलं होतं.

घराबाहेर नाही काढलं, बाईंनीच रदबदली केली. मागच्या खोलीत माझं अंथरूण. जेवण दाराशी. साहेबांची कातडी आता हळूहळू सुधारतेय, छान आहे, आनंद आहे... पण तो हिच्याकडून मलम लावून घेईल तर शपथ! दिवसभर माझं दार खरवडतो, रडतो. मग मी डोक्याला टोपी, हातांत रबरी मोजे, गळ्यापर्यंत बटणं असा बाहेर येतो, आणि हा माझ्यासमोर उताणा पडून डोळे मिटून घेतो.

तीस वर्षांच्या संसारात माझ्यावाचून कोणाचं काही अडलं नव्हतं. आता कुठे एकाचं अडायला लागलंय, तर त्यालाच नेमकी माझी ॲलर्जी.