उतारावर कुठे उभं राहायचं

हाडांच्या दवाखान्यात हात गळ्यात बांधून बसलेल्या शिलाईवाल्या काकूंचा नंबर लांब होता आणि कान मोकळे होते. शेजारी पायाला प्लास्टर घातलेला बाप आणि त्याची लेक बसली होती. कालव्याच्या उतारावरचं गवत रिमोटच्या यंत्रानं कापायचं बापाचं काम उद्यापासून लेक करणार होती.

“यंत्र सुरू करण्याआधी काय करायचं?”

“सगळा उतार पायी फिरायचा. दगड, खड्डे, तारा बघायच्या. चौथ्यांदा सांगतेय, बाबा.”

“गवत ओलं असलं तर?”

“घरी यायचं.”

“साहेब ओरडले तर?”

“तरी घरी यायचं.”

“लाल बटण?”

“दाबून बघायचं. यंत्र जागच्या जागी थांबलं, तरच कामाला लागायचं.”

“आणि उभं कुठे राहायचं?”

“यंत्राच्या वर, जरा बाजूला. खाली कधीच नाही. यंत्र घसरून पायावर आलं त्या दिवशी तुम्ही कुठे होतात हो?”

“टोपी उडाली होती, ती घ्यायला खाली उतरलो.”

“ती विटकी टोपी?”

“तू दिली होतीस.”

“...उद्या मी घालून जाते ती.”

तेवढ्यात त्यांना आत बोलावलं. तपासून घेऊन दोघं बाहेर आली. दारातून रस्त्यावर जायला गुळगुळीत फरशीचा उतार होता. बापानं कुबड्या टेकल्या, तशी लेक झटकन पुढे गेली आणि त्याच्याकडे तोंड करून, दोन्ही हात पसरून उताराच्या खाली उभी राहिली.

“अगं, बाजूला हो! आत्ता काय घोकून घेतलं तुझ्याकडून?”

“ते यंत्राचं झालं. तुम्ही या.”