चिकटणारं स्टील

आमचं घर म्हणजे बैलगाडी, ताई. गावोगाव पाल ठोकायचं, माझी आई भाता ओढायची, घणही तीच मारायची, वडील तापलेलं लोखंड सांडशीत धरायचे, आणि काम नसलं त्या दिवशी आई म्हणायची आज पोटाला आराम. मी शाळेला लागले म्हणून आम्ही दिंडोरीत थांबलो, नाहीतर आमच्यात कुणी थांबत नाही.

वडिलांना अक्षर येत नाही, पण लोखंड येतं. ट्रकच्या स्प्रिंगचा कमानपाटा फिरत्या सहाणेला लावला की ठिणगी फुलासारखी फुटते, म्हणायचे हे पाणी धरील, म्हणजे तापवून विझवलं की कडक होईल. गजाची ठिणगी सरळ पळते, म्हणायचे हे नुसतं लोखंड. मी इंजिनिअरिंगला धातुशास्त्र घेतलं तेव्हा कळलं, हा कार्बनचा खेळ, कार्बन जास्त तेवढी ठिणगी फुटते. सर फळ्यावर लिहीत होते आणि मला आमची सहाण दिसत होती.

मग द्राक्षवाले म्हणू लागले, दादा, कलमाचा चाकू गंजतो, स्टीलचा करा. वडिलांनी भांड्याच्या पत्र्याचा केला, लय चमकला, दहा काड्यांत बोथट. मी म्हटलं बापू, हे स्टील कितीही पाणी द्या, कडक होणार नाही, ह्यात निकेल हाय आणि कार्बन नावाला. मग मी चाकूची वेगळी पट्टी आणली, क्रोमियम असलेली आणि कार्बनही पुरेसा, ती जास्त तापवून तेलात विझवली. धार अशी, की वडिलांनी अंगठा फिरवला आणि लगेच दुसरी पट्टी तापायला घातली.

आणि काय सांगू तुम्हाला, बाजारात एका बागायतदारानं खिशातून लोहचुंबक काढला. चाकूला चटकन चिकटला. चारचौघांत म्हणाला, लव्हारदादा, तुम्ही पण फसवायला लागले का? अस्सल स्टीलला चुंबक चिकटत नसतो. वडिलांनी माल गुंडाळला, घरी आले आणि म्हणाले, तीस वर्षांत कुणी असं बोललं नव्हतं, आता हा चाकू बंद.

मी तोवर कारखान्यात नोकरीला लागले होते, रजा टाकली. पुढच्या बाजाराला घरातला जेवायचा चमचा आणि तो चाकू घेऊन वडिलांच्या शेजारी बसले. तो बागायतदार आला. म्हटलं काका, चुंबक लावा ह्याला. नाही चिकटला. म्हटलं मग हे तुमचं अस्सल स्टील, करा ह्यानं कलम. लोक हसले. मग सांगितलं, भांड्याचं स्टील बहुतेक चिकटत नाही, पण त्याला धार राहत नाही. कडक होणारं स्टील चिकटतंच. आणि तेही पुसून ठेवलं नाही तर डाग धरतं, हेही सांगितलं, खोटं कशाला बोला. चाकू काकांच्या हातात दिला, म्हटलं अख्ख्या बागेची कलमं करा, मग बोला.

पंधरा दिवसांनी आला, वडिलांसमोर उभा राहिला, म्हणाला दादा, चुकलं माझं. वडील म्हणाले, चूक तुमची नाय, चुंबकाची हाय, आणि त्याला चहा पाजला.

आता वडील स्वतःच गिऱ्हाइकाला विचारतात, कार्बनवालं पाहिजे का स्टेनलेस, आणि दोन्हीतला फरक सांगतात. मी घरातली पहिली पदवीधर, सिन्नरच्या कारखान्यात धातू तपासायचं काम करते. दिंडोरीत आमचं पक्कं शेड हाय, आणि दारावरच्या पाटीवर वडिलांचं नाव हाय.