आनंदरावांचा कास्टिक सोडा

हॅलो?… हॅलो! हो, कौसल्याच बोलून राहिली. कोण, मनकर्णा?… हो वं, कृष्णकांतभाऊनं दुकानातून हाक मारली, तशीच पळत आली. ट्रंककॉल कायले लावला?… कोण येडं झालं?… तुझे भाऊजी? नाई वं बाई! उमरेडले कोणं सांगितलं तुले?… एस.टी.च्या कंडक्टरनं? त्याले म्हणा, तिकिटं फाड.

हो, हो… फॅक्टरीत भाताचा गंज घेऊन उभे होते, हे खरं हाय. नाचले नाई… अगं ऐक ना!

साबणाच्या फॅक्टरीत याईले शेफ्टी सुपरवायझर केलं ना… काहून म्हणजे? आवाज मोठा हाय म्हणून! त कास्टिकच्या ड्रमावर याईनं पाटी लावली. 'सदर पदार्थ दाहक असून हाताळताना दक्षता बाळगावी.'… हसू नको. मीबी हसली होती, त ताटावरून उठून गेले.

मंग तुळसाबाईनं विचारलं, "दाहक म्हणजे काय गा साहेब?"… साबणाच्या वड्या कापते ना, ती. त याईनं काय करावं? तीच पाटी पुन्हा वाचून दाखवली. जोरानं!

…हो ना! आता ते दिसते साखरेसारखं पांढरं. भांडे चकाचक निघते, असं तिले कोणीतरी सांगितलेलं. बाईनं मूठभर पदरात बांधलं, कमरेले खोचलं. घामानं पदर ओला… अगं, त्याले ओल लागली का ते तापते, कातडं खाते… नाई, लगेच नाई समजलं. आधी खाजलं म्हणे. मंग जी ओरडली! अन् बाकीच्या बायाईनं काय चोळलं? तूप!… डॉक्टर म्हणे, तूप पोळीवर लावा. इथं आधी लुगडं सोडून नळाखाली बसवाची होती, बादल्याच्या बादल्या पाणी… हो, वाचली. पण कमरेवरचं तळहाताएवढं कातडं… हो वं.

हे दवाखान्यात गेले, संत्रे घेऊन. त ती म्हणे, "साहेब, तुमच्या पाटीत पोळते असं कुठं लिवलं होतं?"… संत्रे ठेवले अन् आले. भिंतीकडं तोंड करून पडले. मी म्हटलं, तुमचा काय दोष? पाटी त लावली होती. त म्हणे, "कौसल्या, ते मी बायाईसाठी लिहिलंच नव्हतं. इन्स्पेक्टरसाठी लिहिलं होतं."

…हो, मलेबी रडू आलं. पण सकाळी आटलं! काहून का माझा जर्मनचा, अल्युमिनमचा गंज उचलला… हो वं, आईनं देल्ला तोच! भात ताटात उपडा केला अन् निघाले. फॅक्टरीच्या आंगणात सगळ्या बायाईले बोलावलं. लांब उभं केलं, बिड्या विझवाले लावल्या. गंजात पाणी, पाण्यात कास्टिक. चूल नाई, काडी नाई, अन् पाणी खदखदा उकळून राहिलं! फेस, वाफ… अन् बुडाले भोक! आरपार! हे म्हणे, "हे जर्मन होतं. तुमचं कातडं याहून जाड हाय का?" त एक बाई म्हणे, "मुकादमाचं हाय."

…थांब, हसू दे मलेबी. तेवढ्यात सेठ धावत आला. "आनंदराव, पागल हो गये क्या?" तोच पागल तुमच्या कंडक्टरपर्यंत पोचला!

…पाटी? नवी लावली ना. 'हे पोळते. हात लावशील त बोंबलशील. लागलंच त नळाकडं पळ.' सेठ म्हणे, भाषा असभ्य हाय, काढा. तुळसाबाई कमरेले पट्टी बांधून आली होती. म्हणे, "पाटी काढता त काढा, पहिले माझं कातडं परत आणा." गेला सेठ हापिसात… हाय ना नोकरी. सेठ बोलत नाई, तेवढीच शांतता.

काय?… तुमच्याकडंबी? तुझे मालक, रुपरावभाऊजी, सूत रंगवाले कास्टिक आणते?… अन् हे तू आता सांगून राहिली! कुठं ठेवलं?… मिठाच्या बरणीजवळ? मनकर्णे!… चिठ्ठी तरी चिकटवली का?… नाई! बरं, आता स्वयंपाकाले कोण बसलं?… सासूबाई? त्याईले बरोबर दिसते का?… मोतीबिंदू!

ठेव! फोन ठेव, घरी पळ! डाळ फेकाले लाव!… नव्या गंजाचं मंग सांगतो वं!… अजून हॅलोच करून राहिली! थांब, मीच ठेवतो.