शालीच्या वेळची गडबड

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती इंदुताई, आणि लेकरांना मांडीवर घेऊन बसलेले समस्त आईबाप, आजी-आजोबा,

मी मधुकरराव, मौद्याहून आलो. आमची नात पिंकी या केंद्रात बोलायला शिकते. इंदुताई आज निवृत्त होताहेत, तेव्हा पालकांच्या वतीनं दोन गोड शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा आहे. भाषण खिशात आहे. ते तिथंच राहू द्या, कारण मला राग आलेला आहे.

मघाशी इंदुताईंच्या खांद्यावर शाल पडली, तेव्हा तिसऱ्या रांगेतून आवाज आला. लगेच माइकवरून विनंती झाली, की लहान मुलांना घेऊन बाहेर बसावं. माझी बायको सिंधू मुकाट्यानं पोरीला घेऊन उठली. ती बघा, दारात उभी आहे.

मंडळी, हे 'गप्प बसा' आमच्या घराला नवीन नाही. पिंकीची वाढ मुळात उशिरा होणारी. तीन वर्षांची झाली तरी 'आई'पलीकडे शब्द नव्हता. एका शाळेतल्या मोठ्या मॅडमनी सल्ला दिला, की हिच्या डोक्याला एकच भाषा झेपेल, तीही इंग्रजी. आजीचं गावठी बोलणं कानावर पडू देऊ नका. झालं! मुलानं-सुनेनं ऐकलं. लेकरासाठी कोण ऐकणार नाही? सुनेचं इंग्रजी 'कम', 'सिट', 'ईट'पाशी संपायचं. सिंधू तोंड मिटून भाजी चिरायची. घरात बोलायचा तो फक्त टीव्ही. ज्या पोरीला शब्दांची गरज सगळ्यात जास्त, तिच्याच वाट्याचे शब्द काढून घेतले! भुकेल्याचंच ताट उचलायचं, ही कुठली अक्कल?

मग कोणीतरी धंतोलीतलं हे केंद्र सांगितलं. इंदुताईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, घरात बोलकं कोण? सुनेनं बाहेर बाकावर बसलेल्या सासूकडे बोट दाखवलं. ताईंनी तिला आत बोलावून पिंकीसमोर बसवलं. सिंधू घाबरली. म्हणाली, "मले इंग्रजी नाही येत, बाई."

"तुम्हाला जे येतं, तेच हिला पाहिजे," इंदुताई म्हणाल्या.

त्यानंतर शिकवणी लागली ती आम्हाला. पाहुण्यांसमोर 'हे काय, ते काय, सांग पाहू' ही परीक्षा बंद. पोरगी जिकडे पाहते, त्याविषयी बोला. बोलून झालं की थांबा, तिची पाळी तिला घेऊ द्या. ती 'वांगं' म्हणाली, तर तुम्ही 'मोठं वांगं' म्हणा. सिंधू भाजी चिरता चिरता पुन्हा बोलू लागली, "पाह्य वं, याले काटा हाय." आणि थांबायची. कधी कधी इतकी थांबायची, की मलाच राहवत नसे. जादू काही झाली नाही. एकेक शब्द चिकाटीनं आला, आणि पुष्कळ अजून यायचे आहेत.

आता मघाची ती गडबड. मी शेजारीच बसलो होतो. आजी पिंकीच्या कानात सांगत होती, ताई आली, ताई बसली. शाल दिसली तशी आजी थांबली. आणि पिंकी मोठ्यानं म्हणाली, "ताईले शाल."

दोन शब्द तिनं आजवर आपणहून जोडले नव्हते. आज जोडले. इंदुताईंचा याहून मोठा सत्कार कोणता होता हो? आणि मुलांना बोलतं करणाऱ्या केंद्रात आपण त्या पोरीला बाहेर जायला सांगितलं! मला याची चीड येते, आणि ती मी लपवणार नाही.

आयोजकांनी माइक हाती दिला, त्यांचे आभार. त्यांना आता पस्तावा होत असेल. इंदुताई, तुम्ही आमचं घर पुन्हा बोलतं केलं, तुम्हाला मनापासून नमस्कार. माझा आवाज चढला असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर म्हाताऱ्याचं बोलणं म्हणून पोटात घाला.

सिंधू, आत ये वं. इथं पुढं बस. आणि तिले सांग, लोकं आता टाळ्या वाजवून राहिले.